पीठ, मीठ आणि मान्सून थीम

छत्रपती संभाजीनगरात आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. बालवाडीच्या ग्रुपवरचा मेसेज मात्र रोज रात्री साडेनऊला येतो, आणि पूर्ण दाबानं येतो. बालवाडी आपलं म्हणायचं. फी भरताना तिला प्री-प्रायमरी म्हणावं लागतं, त्याशिवाय तो आकडा चेकवर लिहायला हात वळत नाही.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात असंच एक फर्मान सुटलं. 'डिअर पॅरेंट्स, आपल्या किड्ससोबत होममेड प्ले-डो बनवून मान्सून थीमवर बैल, ढग, छत्री असे काहीही बनवावे. फोटो शुक्रवारपर्यंत पाठवावेत. किड्सना स्वतः करू द्यावे.' खाली यादी: मैदा दोन कप, मीठ एक कप, पाणी दोन कप, तेल, फूड कलर आणि दोन मोठे चमचे क्रीम ऑफ टार्टर. त्या आठवड्यात आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मान्सून होता तो फक्त ग्रुपवर.

'स्वतः करू द्यावे' ही सूचना सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखी असते. सगळे वाचतात आणि पुढचं काम सुरू करतात. दोन मिनिटांत ग्रुपवर अंगठे उमटायला लागले. मराठवाड्यातल्या सावकारांच्या वह्यांत आमच्या पणजोबांचे असतील-नसतील तितके अंगठे मी या एका ग्रुपवर उमटवले आहेत, आणि पणजोबांइतकंच न वाचता उमटवले आहेत.

मैदा, मीठ, तेल घरात असतं. अडलं ते क्रीम ऑफ टार्टरवर.

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला क्रीम म्हटलं की त्याचा हात आधी तोंडाला लावायच्या मालाकडे जातो. 'टार्टर' ऐकल्यावर तो खुलला. "टाटरी? किती देऊ?"

"टाटरी नाही हो. क्रीम ऑफ टार्टर."

"कशाला पाहिजे?"

"पोरीला खेळायला."

त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंकडे बघितलं आणि टाटरीची बरणी उचलून जागेवर ठेवली. मेडिकलवाला त्याच्याहून शिकलेला. तो म्हणाला, "टार्टर दातांवर असतं साहेब. ते आणत नसतात, काढत असतात. समोरच डेंटिस्ट आहेत."

शेवटी गुलमंडीच्या गर्दीत केकचं सामान विकणाऱ्या एका दुकानात ती वस्तू निघाली. दुकानदार आमच्या शहराच्या खास बोलीत म्हणाला, "है ना साब. कित्ता होना?" आणि त्यानं काउंटरवर एक डबी ठेवली. डबी एवढीशी, किंमत एवढी. त्या पैशांत आमच्या घरात दिवाळीपर्यंतचा मैदा आला असता.

"इत्तासा?"

"साब, केक में चुटकीभर डालते. आप क्या बना रै?"

"बैल."

"हौ?" एवढंच म्हणून त्यानं डबी हळूच स्वतःकडे ओढून घेतली. मी पण फार ताणलं नाही.

घरी येऊन बघितलं तर क्रीम ऑफ टार्टर म्हणजे वाईन मुरताना पिंपाच्या आतल्या बाजूला जो खडा धरतो, तो खरवडून, स्वच्छ करून केलेली पूड. पोटॅशियम बायटार्ट्रेट हे त्याचं कागदोपत्री नाव. त्याचं काम इतकंच, की पिठाला आंबटपणा द्यायचा, म्हणजे गोळा मऊ राहतो, ताणला तर तुटत नाही. चार वर्षांच्या पोरीच्या बैलासाठी शाळेनं आम्हाला वाईनच्या पिंपापर्यंत पाठवलं होतं आणि वर 'सॅटर्डे नो स्नॅक्स, ओन्ली फ्रूट्स' असंही कळवलं होतं.

एवढ्यात आई बाहेर आली. ओट्यावर मांडलेला मैदा, वाटीभर मीठ, तेलाची किटली बघून तिनं विचारलं, "काय करायलास रे?"

"पोरीचा अभ्यास."

"पिठाचा?"

"हो."

"मग मला डबल ग्रॅज्युएट म्हण की." आणि मग मिठाची वाटी बघून, "एवढं मीठ? कुणाची पंगत हाय?"

पंगत नाही, खेळायचं आहे आणि खेळून झाल्यावर टाकायचं आहे, असं मी सांगितलं, आणि घरात शांतता पसरली. आई फुलंब्रीकडची. 1972 च्या दुष्काळात ती दहा-अकरा वर्षांची होती. घरातली मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि पोरांच्या हातावर सुकडी पडायची. घरात आली तर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्या भाकरीची चव सांगताना तिचं तोंड अजून वाकडं होतं. अशा बाईसमोर दोन वाट्या चांगलं पीठ 'अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणून टाकून द्यायचं म्हणजे काय, हे ग्रुपवर कुणाला समजावून सांगणार? तिथं त्यासाठी इमोजी नाही.

मुद्दा मला पटला होता. अन्न खेळायला का वापरायचं, हा प्रश्न हसून उडवण्यातला नाही. पण उत्तर आईनंच काढलं. ती आत गेली आणि फडताळातून रबर लावलेली एक पिशवी घेऊन आली. दिवाळीच्या शंकरपाळ्यांतून उरलेला मैदा. प्रत्येक मराठी घरात ही पिशवी असते. ती टाकवत नाही, कारण अन्न आहे. आणि वापरवत नाही, कारण आत जाळी धरलेली असते. आठ-नऊ महिने ती नुसती इकडची तिकडे होते. आईनं तो मैदा चाळणीतून चाळला, चाळणीत जे राहिलं ते मला दाखवलं नाही, आणि म्हणाली, "घ्या. हे खेळा."

यादीत ही सूचना हवी होती. 'मैदा दोन कप, मागच्या दिवाळीचा.'

राहिला आंबटपणा. किराणावाला ती टाटरीची बरणी काढून बसला होता तो काही वेडा नव्हता. लिंबूसत्वानंही तेच काम होतं, लिंबाच्या रसानंही होतं. आणि खरं टार्टरिक आम्ल कुठे असेल, तर आपल्या चिंचेत. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः त्याचाच. म्हणजे ज्या वस्तूसाठी मी गुलमंडीत चपला झिजवल्या, ती घरात वर्षभराची भरून ठेवलेली होती, मीठ लावून, गोळे करून, चिनीमातीच्या बरणीत.

गॅसवर कढई चढली. मैदा, मीठ, तेल, पाणी, आंबट, सगळं एकदम घालून मंद आचेवर ढवळायचं. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही. पातळ, पांढरट पाणी उलथन्यामागे नुसतं फिरत राहतं आणि करणाऱ्याला वाटतं की आपण फसवले गेलो. मग कडेनं गाठी धरायला लागतात. या टप्प्यावर नवखा माणूस गॅस बंद करतो. करायचा नाही. गाठी एकमेकींना चिकटतात, उलथनं जड होतं, आणि मग सगळं पीठ कढईच्या कडा सोडून मधे एका गोळ्यात येतं, वरून चकचकीत आणि आतून वाफाळतं. पिठातला स्टार्च गरम पाणी पिऊन फुगला की हे होतं. आईनं कढईत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "हा तर कुरडयांचा चीक. मिठात बुडवलेला."

बरोबर होतं. गहू भिजवून, वाटून, त्याचं सत्व काढून उन्हाळ्यात शिजवलेला चीक तो हाच. वाळवणाच्या दिवसांत गल्लीतली पोरं ज्याच्यासाठी वाट्या घेऊन रांगेत उभी राहतात, तो चीक. फरक एवढाच की चीक पोरं खातात आणि उरला तर त्याच्या कुरडया होतात. या गोळ्यात मीठ इतकं, की तो कुणी खाऊ शकत नाही, आणि म्हणूनच तो घट्ट झाकणाच्या डब्यात महिना-दोन महिने टिकतो. लोणच्याला लागू ते याला लागू.

अमेरिकेतही या पिठाचा जन्म खेळण्यासाठी झाला नव्हता. सिनसिनाटी शहरात 1930 च्या दशकात कुटोल नावाची कंपनी भिंती साफ करायचं पीठ विकायची. तिकडे घरं कोळशाच्या शेगडीनं ऊबदार ठेवत, त्याची काजळी भिंतीच्या कागदावर धरायची आणि हा पिठाचा गोळा फिरवून ती टिपून घ्यायची. पुढे कोळसा गेला, धुता येणारे कागद आले आणि कंपनीचं दुकान बसायची वेळ आली. तेव्हा मालक घराण्यातल्या जो मॅकविकर यांच्या नात्यातल्या बालवाडीच्या बाई, के झुफॉल, यांनी तो गोळा मुलांच्या हातात दिला. मुलांना आवडला. 1956 मध्ये तो प्ले-डो म्हणून बाजारात आला. म्हणजे तिकडे भिंती साफ करायचं सामान मुलांना मिळालं. आमच्याकडे मुलांना कुठलंही सामान द्या, ती भिंतीच काळ्या करतात.

तसा मळण्याचा अनुभव आमच्या जिल्ह्यालाही कमी नाही. वेरूळच्या लेण्यांतला मातीचा गिलावा तपासला तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे अवशेष सापडले. पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंग आणि इथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ते मांडलं. भांगेमुळे त्या गिलाव्याला कीड लागली नाही, असं त्यांचं म्हणणं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, तिथल्या चित्रांना किडीनं बराच त्रास दिला. शाळेच्या यादीत वाईनच्या पिंपातला खडा, वेरूळच्या यादीत भांग. टिकाऊ काम करणाऱ्यांना निव्वळ शुद्धीवर राहून जमत नसावं. मी हा मुद्दा ग्रुपवर मांडणार होतो. सौ.नं मोबाइल काढून घेतला.

रंगांचं सांगायचं राहिलं. बाटलीतला रंग नको, नैसर्गिक घालू, अशी टूम सौ.ची. मान्सून थीम म्हणून पहिला मान हिरव्याला. पालक वाटून गाळला आणि एका गोळ्याच्या पाण्यात घातला. सुरुवातीला असा काही पोपटी रंग आला की कन्येनं टाळ्या पिटल्या. पण पालकाच्या हिरव्याला आच आणि आंबट दोन्ही सोसत नाही. आणि कढईत दोन्ही होतं. बघता बघता पोपटीचा शेवाळी झाला, शेवाळीचा खाकी झाला. दहा मिनिटांत मान्सून थीमची दुष्काळ थीम झाली. मराठवाड्याच्या पोरीला हे लवकर कळलेलं बरं, म्हणून मी गप्प बसलो.

हळदीचा गोळा मात्र झकास झाला. कन्या त्यात मनगटापर्यंत रमली. मग सौ.नं तिला साबणानं हात धुवायला बेसिनपाशी नेलं आणि किंकाळी आली. पोरीचे दोन्ही हात लालभडक. कुंकवाच्या करंड्यात बुडवावेत तितके. हळदीला साबणातला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू करायची जुनी रीत हळदीला चुना लावूनच आहे. हे मी शांतपणे समजावून सांगत होतो आणि सौ. शांतपणे मला बघत होती. लाली जाईपर्यंत किती पाणी गेलं ते विचारू नका. ज्या भागात आठवड्यानं पाणी येतं, तिथं प्रत्येक प्ले-डोची खरी किंमत बेसिनपाशी कळते. आई टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभी होती.

तिसरा गोळा आईनं आपल्या हातानं केला, चिंचेच्या कोळात. त्याला स्वयंपाकघरभर सारासारखा वास सुटला आणि रंग आला गडद, तांबूस तपकिरी. "झाला बघा बैल," आई म्हणाली. "लाल कंधारी." नांदेडकडची ही बैलांची जात खरंच याच रंगाची असते. लातूरकडचा देवणी करायचा तर पांढऱ्यावर काळे ठिपके द्यावे लागले असते, म्हणजे आणखी दोन गोळे आणि आणखी दोन बादल्या. लाल कंधारीवर एकमत झालं.

आता बैल. पिठाचा बैल करताना मोठी माणसं जिथं हरतात ती जागा म्हणजे पाय. शिंगं कुणालाही जमतात, वशिंड तर आपोआप येतं. पण अंग पायांवर ठेवलं की पाय बसतात, बैल हळूहळू खाली येतो आणि शेवटी त्याची घोरपड होते. बाजारात पोळ्याला मातीच्या बैलजोड्या येतात, त्यांचे पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले: आखूड, जाड, खाली फाकलेले. कुंभाराला हे कुणी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलेलं नसतं. मी आगपेटीच्या काड्या घालून बघितल्या, दातकोरणी घालून बघितली. सौ. म्हणाली, "अहो, शाळेनं बैल मागितलाय, उड्डाणपूल नाही."

या सगळ्या वेळात जिचा हा अभ्यास होता ती बाजूला बसून एकच गोष्ट करत होती. गोळा पाटावर घेऊन तळहातानं मागंपुढं वळत होती. त्याची लांब वळी झाली की मोडायची, पुन्हा वळायची. जगातलं प्रत्येक मूल पीठ हातात आलं की आधी साप करतं, आणि पुढचे कितीतरी दिवस सापच करतं. म्हणून माझ्या मते या वयाच्या मुलांचा खरा सण नागपंचमी. पंचांगानं ती पोळ्याच्या आधी ठेवली आहे यात शहाणपण आहे. साप जमला की बैल. बैलानंतर गणपती, त्याला सोंड आली, आणि सोंड उजवी की डावी यावर घरात मोठ्यांची भांडणं आली. त्याच्याही आधी आषाढी अमावास्येला कणकेचे दिवे, नुसता अंगठा दाबला की झाले. वर्षाचा अभ्यासक्रम आमच्या परातीत आधीपासून लावून ठेवलेला आहे, सोप्याकडून अवघडाकडे. फक्त त्याला कुणी 'सीझनल थीम' म्हटलं नव्हतं.

ऋतूंचा परिणाम गोळ्यावरही होतो, तो असा. पावसाळी दमट हवेत मीठ ओल ओढतं आणि डब्यातला गोळा घामेजतो. चिमूटभर कोरडं पीठ लावून मळला की ताळ्यावर येतो. मे महिन्यात मात्र इथं बेचाळीस अंश. गोळा डब्याबाहेर ठेवून मुलगी पाणी प्यायला गेली, की परत येईपर्यंत त्याला भेगा. पाण्याचा हात लावा, तेलाचा हात लावा, उपयोग मर्यादितच. उन्हाळ्यात वाळवण घाला आणि पोरांना चीक द्या, हे मूळचं वेळापत्रकच बरं.

पोळ्या करताना आईजवळ बसलेल्या पोराला कणकेचा एक गोळा मिळतो, ही रीत कुठल्या धोरणात लिहिलेली नाही. त्या गोळ्याची चिमणी होते, उंदीर होतो, मग छोट्या लाटण्यानं त्याची पोळी लाटली जाते. ही पोळी गोल नसते आणि पांढरीही नसते. पोराच्या हाताचा, फरशीचा आणि मधेच ओढलेल्या नाकाचा रंग घेऊन ती राखाडी झालेली असते. ती तव्यावर भाजली जाते आणि 'ही बाबांची' म्हणून बाबांच्या ताटात पडते. बाबा ती खातात. महाराष्ट्रातल्या बापांच्या पिढ्यान् पिढ्यांनी या राखाडी पोळ्या कौतुकानं, डोळे मिटून खाल्ल्या आहेत. घरगुती प्ले-डोचा कणकेपेक्षा एकच फायदा मला आढळला: तो खारट असल्यामुळे बाबांना खावा लागत नाही.

बालशिक्षणातल्या मंडळींना याचं महत्त्व केव्हाच कळलं होतं. पेन्सिल धरायची चिमूट मुलाच्या बोटांत पेन्सिलीनं येत नाही. ती गोळा दाबून, वळून, तोडून येते. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर जे काम उभं केलं, ते आसपास मिळेल त्या वस्तूंवर: बिया, पानं, शिंपले, माती. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट माळावर कुरणशाळा काढली. त्या मुलांना मातीचा बैल करताना पाय किती हे विचारावं लागत नसणार. बैल समोरच चरत असे. अलीकडे 2023 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाचा खेळण्यांचा संच काढला, खेळातून शिकावं म्हणून. चांगलंच आहे. पण कोसबाडच्या बायांनी मुलांच्या हातच्या बैलाचा फोटो पालकांकडून शुक्रवारपर्यंत मागवला असता, असं मला वाटत नाही.

शुक्रवारी फोटो आले. पहिलाच बैल बघून मी चष्मा पुसला. वशिंड, झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ आणि फासळ्यांवर सावली. शेजारी चार वर्षांचं पोर दोन्ही हात मागं बांधून उभं, चेहऱ्यावर आपण या प्राण्याला ओळखत नसल्याचा भाव. वाळूजच्या एका कारखान्यात डायमेकर असलेल्या पप्पांनी चक्क साचा पाडून आणला होता. त्यांच्या जोडीतले दोन्ही बैल मिलिमीटरला सारखे होते. आणखी एका घरचा बैल सुबक होता, पण त्याच्या एका कानाचं पीठ गळून आतून भाजलेली माती दिसत होती. बाजारातली जोडी आणून वर पिठाचा हात दिलेला. ढग मात्र कुणीच केला नव्हता. ढगात मोठ्यांचं कसब दिसत नाही.

प्रत्येक फोटोखाली 'वॉव', 'सो क्रिएटिव्ह', आणि खाली त्याच पालकाचं उत्तर: 'ऑल हिज ओन वर्क!'

आमचा फोटो सगळ्यात शेवटी गेला. त्यात पाटावर तपकिरी रंगाचा एक गोळा होता. वरच्या बाजूला दोन टोकं, बस. मी कन्येला विचारलं होतं, "अगं, याचे पाय कुठायत?"

"बसलाय तो."

मी तिला पाय करायला सांगणार, तेवढ्यात आई म्हणाली, "बरोबर हाय तिचं. पोळ्याला बैलाला कोण कामाला लावतं? बसलच की तो." आणि खरंच, त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. वर्षातली त्याची तेवढीच हक्काची सुट्टी. जे मला दातकोरणी लावून जमलं नव्हतं ते पोरीनं बैलाला बसवून सोडवलं होतं. ग्रुपवर मॅडमचा शेरा आला: 'नाइस ट्राय, नेक्स्ट टाइम पॅरेंट्सनी थोडी हेल्प करावी.'

म्हणजे 'स्वतः करू द्यावे' हे शाळेलाही नको होतं. तर शाळांनाच एक विनंती. फोटो मागवू नका. पोरांना वर्गात गोळा द्या, फरशीवर बसवा, हात धुवायला एक बादली ठेवा, आणि जे होईल ते संध्याकाळी त्यांच्या हातात घरी पाठवा. त्याला पाय नसले तर नसू द्या.

आणि ज्यांच्या ग्रुपवर पुढचा मेसेज गणपतीच्या तोंडावर येणार आहे, त्या आईबापांसाठी: मागच्या दिवाळीचा मैदा दोन वाट्या चाळून, मीठ एक वाटी, पाणी दोन वाट्या, तेल दोन चमचे, लिंबं दोन. मंद आचेवर कडा सुटेपर्यंत ढवळा, कोमट झालं की तेलाच्या हातानं मळा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पोरांना खाऊ देऊ नका. घरात कुत्रं असेल तर त्याच्यापासून तर लांबच ठेवा, एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं. हळद घातली असेल तर हात साबणाआधी तेलानं पुसून घ्या. क्रीम ऑफ टार्टरसाठी गुलमंडीला जाऊ नका. ते लागत नाही.